घराची विक्री आणि वारसांचा हक : अमेरिकेतील ‘इस्टेट सेल’ कशी चालते?

माणूस दुनियेतून जातो तेव्हा रिकाम्या हाताने जातो, हे आपण सर्व जाणतो. पण मागे राहिलेले घर रिकामे नसते. कपाटे, पेट्या, भांडी, गाद्या, कपडे, शिलाई मशीन, भिंतीवरचे घड्याळ, सारे तेथेच राहते. त्याचे पुढे काय करायचे, याची आपल्याकडे ठरलेली रीत नाही. अमेरिकेत मात्र या कामाचा स्वतंत्र धंदाच उभा राहिला आहे. त्याला तेथे ‘इस्टेट सेल’ म्हणतात. न्यू जर्सी राज्यात मुलीच्या घरी काही आठवडे राहण्याचा योग आला, तेव्हा शनिवार-रविवारी जावयाबरोबर आम्ही अशा दहा-बारा घरांतून फिरलो. कापडवाल्याची नजर कापडावर जायची, तशी ती गेलीच. पण परतताना सामानात माल थोडा आणि डोक्यात विचार जास्त होते. ते व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवीत आहोत.

‘इस्टेट’ म्हणजे काय?

आपल्याकडे इस्टेट म्हटले की जमीनजुमला, वाडा, बागायत डोळ्यांपुढे येते. तेथे कायद्याच्या भाषेत माणसाने मागे ठेवलेली सर्व मालमत्ता म्हणजे त्याची इस्टेट. आपण ज्याला तर्का म्हणतो तेच हे. त्यात घर आले, बँकेतील रक्कम आली, तसा चमचा आणि उशीचा अभ्राही आला.

प्रत्येक सेलमागे मौतच असते असे नाही. म्हातारे जोडपे वृद्धाश्रमात किंवा लहान घरात राहायला जाते, घटस्फोट होतो, कोणी दूरच्या राज्यात स्थायिक होतो, तेव्हाही असा सेल लागतो. मात्र आम्ही पाहिलेल्या बहुतेक घरांत मालक किंवा मालकीण अल्लाहला प्यारे झाले होते आणि मुले दूरच्या शहरांत होती. मुलांची घरे आधीच भरलेली. आईबापांचे जड लाकडी फर्निचर, बारा माणसांचा चिनी मातीचा संच, पांढरी टेबलपोसे त्यांना नको असतात.

येथे तीन गोष्टींची गल्लत होऊ नये. ‘गॅरेज सेल’मध्ये घरवाला आपल्या नको असलेल्या वस्तू गॅरेजमध्ये किंवा अंगणात मांडून स्वतः विकतो. लिलावात वस्तूवर बोली लागते. ‘इस्टेट सेल’मध्ये घराचे दार उघडले जाते, प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी असते आणि गिऱ्हाईक खोल्याखोल्यांतून फिरून माल निवडते. म्हणजे दोन-तीन दिवसांपुरते घराचेच दुकान होते.

काम कसे चालते?

हे काम करणाऱ्या कंपन्या असतात. काही मोठ्या, पुष्कळशा नवरा-बायको किंवा दोन बहिणींनी चालविलेल्या. वारस अथवा मालमत्तेची व्यवस्था पाहणारा ‘एक्झिक्युटर’ त्यांच्याशी लेखी करार करतो. कंपनीची माणसे आधी काही दिवस घरात बसून कपाटे, माळा, तळघर रिकामे करतात, वस्तू पुसून मांडतात, भाव काढतात आणि चिठ्ठ्या लावतात. या मेहनतीबद्दल कंपनी एकूण विक्रीतून कमिशन घेते. ते साधारणपणे ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असते. आपल्याला हे प्रमाण भारी वाटेल. पण मांडणी, जाहिरात, विक्रीची माणसे, पहारा आणि बऱ्याचदा नंतरची झाडलोटही त्यातच येते.

सेल बहुधा शुक्रवार ते रविवार चालतो. पहिल्या दिवशी सकाळी दार उघडण्यापूर्वीच रांग लागते. रांगेतील माणसांना नंबर दिले जातात आणि घरात मावतील तेवढेच लोक आत सोडतात. या रांगेत पहिले असतात ते जुन्या मालाचे व्यापारी. घड्याळवाला, दागिनेवाला, पुस्तकवाला, हत्यारवाला, प्रत्येकाला आपली खोली ठाऊक असते. दार उघडताच कोणी सरळ तळघरात उतरतो, कोणी निजायच्या खोलीकडे जातो. आपल्या चोर बाजारात शुक्रवारी पहाटे टॉर्च घेऊन फिरणारे व्यापारी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही.

भावाची रीत अशी. पहिल्या दिवशी चिठ्ठीवरील किंमत पुरी. दुसऱ्या दिवशी काही सूट. शेवटच्या दिवशी बहुतेक ठिकाणी अर्धी किंमत. म्हणजे ज्याला विशिष्ट वस्तू हवी, त्याने पहिल्या दिवशी पुरी किंमत द्यावी. ज्याला स्वस्त हवे, त्याने थांबावे आणि उरेल ते घ्यावे. घासाघीस पहिल्या दिवशी बरी मानली जात नाही. शेवटच्या दिवशी पाच-सहा वस्तू एकत्र करून एक भाव विचारला तर देतात. विकलेला माल परत घेत नाहीत, म्हणून जे पाहायचे ते पैसे मोजण्यापूर्वीच पाहावे लागते.

एक नियम आम्हाला विशेष आवडला. इमानदार कंपनी सेल उघडण्यापूर्वी आपल्या माणसांना माल उचलू देत नाही. भाव आपणच काढायचा आणि खरेदीही आपणच करायची, तर भाव कमीच निघणार. आपल्या हनफी फिकहमध्येही ज्याला विक्रीचा वकील नेमले, तो स्वतःच खरेदीदार होऊ शकत नाही. तत्त्व तेच आहे.

कापडवाल्याने काय पाहावे?

आपल्या लाईनीची गोष्ट आता सांगतो. या घरांतील कपाटे म्हणजे शंभर वर्षांच्या कापडाचा नमुनासंग्रहच. फक्त वाचता आले पाहिजे.

पहिले पाहावे ते लेबल. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने परदेशी मालावर मूळ देशाचे नाव छापणे बंधनकारक केले. त्यामुळे मालावर देशाचे नाव असले तर तो बहुधा त्यानंतरचा समजावा. कापडात कोणता धागा किती टक्के आहे, हे लिहिण्याची सक्ती १९५८ च्या कायद्याने आली आणि ती १९६० पासून लागू झाली. कपडा कसा धुवावा, याचे कायमचे लेबल १९७२ पासून आले आणि शब्दांऐवजी नुसत्या चिन्हांना परवानगी १९९७ मध्ये मिळाली. म्हणजे शर्टाच्या आतल्या शिवणीवर चार ओळी वाचल्या, की त्याचे वय अंदाजाने सांगता येते. निर्यात करणाऱ्या आपल्या बांधवांना लेबलाची कटकट वाटते. पण पन्नास वर्षांनंतर तेच लेबल मालाची साक्ष देते.

दुसरे, गोधड्या. अमेरिकन बायकांनी तुकडे जोडून हाताने शिवलेल्या गोधड्यांना तेथे चांगली किंमत येते. त्यातील काही १९३० आणि १९४० च्या दशकांतील पिठाच्या व पशुखाद्याच्या पोत्यांच्या कापडाच्या असतात. तंगीच्या त्या दिवसांत गृहिणी रिकाम्या पोत्यांचे फ्रॉक शिवतात, हे कंपन्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी पोत्यांवरच फुलांचे छाप काढायला सुरुवात केली. कोणत्या छापाचे पोते घ्यायचे हे मग घरातली बाई ठरवू लागली. विक्रीचा हा धडा आजही जुना झालेला नाही.

तिसरे, आपल्या देशाचा माल. एका घरात आम्हाला मद्रास चेक्सचा जुना शर्ट मिळाला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस हे कापड अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर गेले. धुतल्यावर त्याचा रंग सुटे आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी येत. तेव्हा विकणाऱ्यांनी ऐब लपविण्याऐवजी उघड जाहिरात केली, की हे हातमागाचे कापड आहे, याचा रंग प्रत्येक धुण्याला थोडा उतरेल आणि दर वेळी वेगळी छटा येईल. तक्रारीचा माल शौकाचा माल झाला. दुसऱ्या घरात लोकरी शाल होती. चिठ्ठीवर ‘पेझली’ असे लिहिले होते. पेझली हे स्कॉटलंडमधील गाव. काश्मिरी शालींची नक्कल करून तेथे मागावर शाली विणल्या गेल्या आणि आपली कोयरी जगभर त्या गावाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. नक्काशी आपली, नाव दुसऱ्याचे. कारागीर बांधवांनी यावर जरूर विचार करावा.

पारख करताना कापड उजेडात धरून पाहावे. घडीवर बोट फिरवावे, कारण जुने कापड आधी घडीवरच विरते. शिवणी आणि गादीच्या कडा उलटून ढेकणांची निशाणी आहे का ते पाहावे. लोकरीला कसरीची भोके असतात. रेशमाला अत्तराचा वास मारला असेल तर बुरशीचा संशय घ्यावा. घरी आणलेले कापड आधी धुवावे किंवा उन्हात टाकावे, मगच वापरावे.

रेशमाच्या गावातील एक घर

न्यू जर्सीत पॅटरसन नावाचे शहर आहे. पॅसेइक नदीच्या धबधब्यावर १७९० च्या दशकात कारखानदारीसाठीच ते वसविले गेले आणि पुढे रेशमाच्या मागांमुळे ‘सिल्क सिटी’ म्हणून प्रसिद्ध झाले. १९१३ मध्ये तेथे सुमारे २५ हजार कामगारांचा संप झाला. एका विणकराने दोनऐवजी चार माग सांभाळावेत, असा मालकांचा आग्रह हे त्याचे मोठे कारण होते. पाच महिन्यांनी कामगार हरले. भिवंडी-मालेगावच्या विणकरांना यातले काहीही समजावून सांगण्याची गरज नाही. आज तेथील रेशमाच्या गिरण्या बंद आहेत, आणि शहरात अरब, तुर्की व बांगलादेशी मुसलमानांची मोठी वस्ती आहे.

त्या शहराजवळच्या एका लहानशा घरात सेल होता. माडीवरच्या खोलीत एक जुनी पेटी होती. आत रेशमी फितींची बंडले, नमुन्यांची एक वही आणि धोट्यांची जोडी. घरातले कोणीतरी मागावर बसत असणार. फितींचा रंग अजून चमकत होता, पण हातात घेताच काहींचे तुकडे पडले. त्या काळी रेशमाचे वजन वाढविण्यासाठी त्याला धातूचे क्षार पाजीत. तेव्हा वजन मिळाले, आता रेशीम तडकते आहे. मापात मारलेली पाप कधी ना कधी बाहेर पडते, मग शंभर वर्षांनी का होईना.

शेजारच्या टेबलावर भरतकामाचा एक रुमाल होता. अर्धे फूल झाले होते आणि सुई कापडात तशीच टोचलेली होती. त्यावर एक डॉलरची चिठ्ठी होती. आम्ही तो उचलला, पाहिला आणि परत ठेवला.

त्याच घरातून आम्ही सुताच्या रिळांचा एक पत्र्याचा डबा पाच डॉलरला घेतला. घरी येऊन रिळे काढली, तर तळाशी घडी घातलेली वीस डॉलरची नोट निघाली. जावई म्हणाले, “अब्बा, डबा आपण विकत घेतला, आतले सारे आपले.” आम्ही म्हणालो, “सौदा डब्याचा आणि रिळांचा झाला. नोट त्या बाईने कोणालाच विकलेली नाही.” दुसऱ्या दिवशी परत गेलो आणि नोट गल्ल्यावर दिली. तेथील बाईंनी काही न बोलता आपल्या वहीत ती वारसांच्या नावे जमा करून घेतली. असे अधूनमधून होत असावे, कारण वहीत त्यासाठी वेगळे पान होते.

कारागिरांसाठी हत्यारे

शिंपी, सुतार आणि लोहारकाम करणाऱ्यांसाठी तर तळघर म्हणजे खजिनाच. न्यूअर्क शहरात १८४८ मध्ये सुरू झालेल्या विस कारखान्याच्या जुन्या कात्र्या आजही धार लावली की कोट कापतात. सिंगर कंपनीचे ‘फेदरवेट’ हे १९३३ मध्ये आलेले मशीन जेमतेम पाच किलोचे आहे आणि गोधडी शिवणाऱ्या बायका ते शोधत फिरतात. पण ध्यानात ठेवावे, की अमेरिकेत वीज १२० व्होल्टची आणि आपल्याकडे २३० व्होल्टची असते. ट्रान्सफॉर्मरशिवाय मशीन लावले तर मोटार जळेल. हस्तिदंताची मूठ किंवा तसल्या प्राणिज वस्तू कितीही स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नयेत. विमानतळावर त्या गुन्हा ठरतात.

कोणी म्हणेल, तेथील जुने कपडे गाठी बांधून येथे आणले तर? तो विचार सोडावा. वापरलेल्या कपड्यांची आयात आपल्याकडे परवान्याशिवाय करता येत नाही. सेलमध्ये न विकलेले कपडे तेथे बहुधा धर्मादाय संस्थांना देतात. त्यांच्याकडून उरलेला माल गाठींतून जगभर जातो. त्यातला काही कांडलाच्या विशेष क्षेत्रातील निवड कारखान्यांत येतो, आणि लोकरी चिंध्या पानिपतला जाऊन पुन्हा सूत व ब्लँकेट होतात. हा धंदा ज्यांचा आहे, ते तो जाणतात.

दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकताना

खरे सांगायचे तर पहिल्या घरात शिरताना आमचे पाय अडखळले. सूरह नूरमध्ये (२४:२७) हुकूम आहे, की दुसऱ्याच्या घरात इजाजत घेतल्याशिवाय आणि घरातल्यांना सलाम केल्याशिवाय जाऊ नये. येथे तर सलाम घ्यायलाच कोणी नव्हते. पुढे मनाचे समाधान झाले, की वारसांनी स्वतः दार उघडून बोलाविले आहे. पण ही इजाजत खरेदीपुरती आहे. बंद दारावर ‘आत जाऊ नये’ अशी पाटी असेल तर ते दार उघडू नये. पत्रांचे गठ्ठे वाचू नयेत, औषधांच्या बाटल्यांवरून आजाराचा अंदाज बांधू नये, फोटोंवरून हसू नये. काही लोक माल घ्यायला नव्हे, लोकांची घरे बघायलाच येतात. बघण्यातही मजा आहे, हे आम्ही नाकारीत नाही. आम्हीही पाहिलेच. पण आपल्या मागे आपले कपाट असेच कोणी उघडेल, एवढे ध्यानात ठेवून पाहावे.

आमची एक चूक

आता या लेखाचे खरे कारण सांगतो. २००३ साली आमच्या दुकानात एक तरुण गाठोडे घेऊन आला. आईचा चाळिसावा होऊन गेला होता. गाठोड्यात दोन शालू, एक पैठणी आणि एक जरीची साडी होती. जर अस्सल होती. आम्ही वजनाचा अंदाज घेऊन ९,००० रुपये दिले आणि आठवड्याभरात साड्या भट्टीवाल्याकडे गेल्या. जरीच्या जुन्या साड्या जाळून चांदी काढतात, हे या लाईनीत सर्वांना ठाऊक आहे.

महिन्याने त्या तरुणाची बहीण दुकानात आली. सासरी दूर राहत होती. म्हणाली, “भाई, पैशांचे नंतर बघू. त्यातला हिरवा शालू अम्मीच्या निकाहचा होता. तो एकदा दाखवा.” आमच्याजवळ दाखवायला काही नव्हते. ती थोडा वेळ बसली, पाणी प्यायली आणि गेली.

आमचे वालिद तेव्हा हयात होते. त्यांनी एवढेच म्हटले, “माल घेताना तू वजन विचारलेस, वारस विचारले नाहीस.” मग मशिदीच्या मौलाना साहेबांना विचारले. मरहूमा विधवा, मागे एक मुलगा आणि एक मुलगी. मुलाचे दोन हिस्से, मुलीचा एक. म्हणजे ९,००० पैकी ३,००० रुपयांचा माल त्या बहिणीचा होता आणि तिला न विचारता विकला गेला होता. दुसऱ्याची वस्तू त्याच्या इजाजतीशिवाय विकणाऱ्याला फिकहच्या भाषेत ‘फुजूली’ म्हणतात. असा सौदा खऱ्या मालकाच्या मंजुरीवर लटकलेला राहतो. वालिदांनी दुकानातून ३,००० रुपये काढून आमच्या आईच्या हाती तिच्या सासरी पाठविले. भावाकडून ते वसूल करण्याचा हक आम्हाला होता, तो त्यांनी सोडून दिला. पैसे पोहोचले. शालू पोहोचवता आला नाही.

त्या अमेरिकन घरांत फिरताना आम्हाला हेच आठवत राहिले. तेथे वस्तू मोजली जाते, तिच्यावर उघड किंमत लागते, पैसे एका वहीत जमा होतात. आधी कर्ज फिटते, मग उरलेले वारसांना मिळते. आणि सेलआधी मुलांना बोलावून विचारतात, की कोणाला काय ठेवायचे आहे. आपल्याकडे वारसाचे हिस्से सूरह निसामध्ये (४:११ व १२) स्वच्छ नेमून दिलेले आहेत. कोणत्या समाजाला इतका साफ हिशेब मिळालेला नाही. पण आपण तो जमीन आणि घरापुरता काढतो, तोही पुष्कळदा कोर्टात. घरातील सामान मात्र दहाव्याच्या आधीच ज्याच्या हाती लागेल त्याचे होते. बहुतेक वेळा कोणाचा हिस्सा बुडतो, हे सांगायला नको. बहिणीचा.

सामान विकत घेण्यापूर्वी

जुना माल, भंगार, फर्निचर, साड्या, भांडी, दागिने घेणाऱ्या बांधवांनी पुढील गोष्टी पाळाव्यात, अशी विनंती आहे.

१. मालक हयात आहे का, हे आधी विचारावे. नसल्यास वारस किती व कोण, ते लिहून घ्यावे. सर्व बालिग वारसांची सही घ्यावी. बहिणीची सही बहिणीनेच करावी, तिच्या वतीने भावाने नव्हे.

२. वारसांत यतीम असेल तर फार सावध राहावे. यतीमांचा माल नाहक खाणाऱ्यांना सूरह निसामध्ये (४:१०) आगीचा इशारा आहे. मोठा भाऊ किंवा चुलता आहे म्हणून त्याला यतीमच्या मालावर कायद्याने आपोआप वलीपण मिळत नाही.

३. बेवेचे सामान वेगळे काढावे. तिचे दागिने, तिला माहेरून मिळालेल्या वस्तू तिच्या मालकीच्या आहेत, त्या नवऱ्याच्या तर्क्यात येत नाहीत. मेहर दिलेली नसेल तर ते नवऱ्यावरचे कर्ज आहे आणि वाटणीपूर्वी फेडावे लागते.

४. क्रम ध्यानात ठेवावा. आधी कफन-दफनचा खर्च, मग कर्ज, मग एक तृतीयांशाच्या आतील वसियत, मग वारसांचे हिस्से. उदाहरणार्थ, हे सर्व वजा जाता ४८,००० रुपयांचे सामान उरले आणि मागे बायको, एक मुलगा व एक मुलगी असेल, आईबाप हयात नसतील, तर बायकोला आठवा हिस्सा म्हणजे ६,०००, मुलाला २८,००० आणि मुलीला १४,००० रुपये. १९३७ च्या शरीअत कायद्याप्रमाणे भारतात बहुतेक ठिकाणी मुसलमानांच्या वारसाला आपलाच कायदा लागू आहे.

५. वस्तूंची यादी आणि दर लिहून एक प्रत घरच्यांना द्यावी. पाकिटात, पेटीच्या तळाशी, साडीच्या घडीत काही निघाले तर परत करावे.

६. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू आणि ७५ वर्षांहून जुने मोलाचे हस्तलिखित यांना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. अशा मालाचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि तो परदेशी पाठविण्यास मनाई आहे. जुन्या घरांतून हाताने लिहिलेले कुरआन शरीफ व किताबे निघतात, ती रद्दीच्या भावात जाऊ देऊ नयेत.

धंद्याची एक वाट

मुंबईत जुन्या चाळी आणि इमारती पाडून नव्या बांधल्या जात आहेत. कुटुंबे मुंब्रा, मीरा रोडकडे जात आहेत. तीन पिढ्यांचे सामान एका फ्लॅटमध्ये मावत नाही. हे सामान आज मिळेल त्या भावात हातगाडीवर जाते. आपल्यापैकी दोन-चार जाणकारांनी एकत्र येऊन असे घर मोजून, भाव लावून, वारसांपुढे यादी ठेवून, रविवारी मोहल्ल्यातच विक्री लावली तर? मोबदला किती आणि कसा घ्यावा हे आपल्या आलिमांना विचारून आधी ठरवावे व लिहून घ्यावे. ज्या वारसाला जी वस्तू हवी, ती त्याने चिठ्ठीच्या किमतीला आपल्या हिश्श्यातून वळती करून घ्यावी. असे झाले असते तर तो हिरवा शालू भट्टीत गेला नसता. मुलीच्या हिश्श्यात गेला असता.

यात नफा थोडा असेल, पण तो साफ असेल, आणि बरकत साफ नफ्यातच असते. आपल्या दुकानात जुने गाठोडे सोडले जाईल तेव्हा काटा लावण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारावा, “घरी बहिणी किती आहेत?” अल्लाह आपल्या सर्वांना हक ओळखण्याची आणि तो ज्याचा त्याला पोहोचविण्याची तौफीक देवो. आमीन.